पूर्ण वजनाचं सोनं

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "अंकल क्या करते हैं?" काका माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ऐकू कमी येतं, आणि दवाखान्याची पायरी चढल्यापासून प्रत्येक प्रश्न ते माझ्याकडे वळवत होते. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "कुछ नहीं बेटा, अब तो घर पे ही." तिने टपटप टाइप केलं आणि छापलेला कागद खिडकीतून सरकवला. नाव, वय, पत्ता रामबाग, इंदूर, फोन नंबर माझा, व्यवसाय रिटायर्ड. त्याखाली शुगर आहे का, बीपी आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, विमा आहे का. फॉर्म संपला. आम्ही जाऊन लोखंडी खुर्च्यांवर बसलो. समोर आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता आणि काका मांडीवर हात ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आता पुरती सरळ होत नाहीत. चिमटा धरल्यासारखी ती एकमेकांकडे झुकलेली असतात, झोपेतसुद्धा, असं काकू म्हणते.

माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली, त्यामुळे फॉर्म दिसला की मी तो वाचते. वाईट खोड आहे. आमच्याकडे व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'नोकरी' किंवा 'धंदा' लिहून आलं तर कागद परत जायचा. कामाचं स्वरूप काय, यंत्रावर असता का, खाणीत उतरता का, रसायनं हाताळता का, हे खोदून विचारायचं आणि त्याप्रमाणे हप्ता वाढवायचा. माणूस वेळेआधी गेला तर पैसे कंपनीला मोजायचे असत, म्हणून ही चौकशी. ज्याला पैसे द्यायचे असतात तो धंदा विचारतो, ज्याला घ्यायचे असतात त्याचं रिटायर्डवर भागतं, असं माझ्या मनात आलं. ते बोलणं डॉक्टरांवर अन्यायकारक होतं, कारण आत बसलेला मुलगा भला होता. वयाने माझ्या धाकट्याएवढा. काकांशी हिंदीत मोठ्याने आणि माझ्याशी हळू बोलत होता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळते का ते सांगणारा रक्तातला आकडा, दोन पॉइंट नऊ, बराच वाढलेला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. साखर नाही. बीपी थोडं चढलेलं, पण त्याची गोळी आत्ताआत्ता सुरू झालेली. लघवीत प्रोटीन अगदी पुसट. "बीपीमुळेच असेल," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाला, "किंवा किडनीमुळे बीपी. आता मागे जाऊन सांगता येत नाही." फाइलवर त्याने निदानाच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

असं प्रश्नचिन्ह काकांच्या एकट्याच्या फाइलवर नाही. २०१२ साली भारतातल्या किडनीच्या जुनाट रुग्णांच्या नोंदवहीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता, ५२,२७३ माणसांचा. त्यात मधुमेहामुळे किडनी गेलेले ३१ टक्के होते, आणि त्यांच्या खालोखाल, १६ टक्के, असे होते की ज्यांचं कारण कुणाला सांगता आलेलं नव्हतं. बीपीवाले त्यांच्याहून कमी, १३ टक्के. कारण न सांगता येणाऱ्यांमधले काही फार उशिरा आले असतील, काहींची तपासणी खिशाला झेपली नसेल. पण काहींना कुणी काही विचारलंच नसेल, हा किडा माझ्या डोक्यात त्या खिडकीपाशी शिरला आणि नंतर निघेना.

काका सोनार. म्हणजे दुकानवाले नव्हेत, कारागीर.

आमच्या वाड्यात ते भाड्याने राहायचे आणि रोज सकाळी सायकलने सराफ्यात जायचे. लहानपणी आईने काही पोचवायला सांगितलं की मी आनंदाने जायचे, कारण परतताना कुणीतरी गरम जिलबी हातावर ठेवायचं. खाली दुकानाचा पांढराशुभ्र गादीवाला थाट, लोड, तक्क्ये, काचेच्या पेटीत लाल मखमल. आणि बाजूच्या बोळकांडीतून एक लाकडी जिना, एवढा अंधारा की दोरी धरूनच चढायचं. वर माळा. माझ्यासारख्या पोरीलासुद्धा कडेला वाकावं लागे. पाच-सहा माणसं उघड्या अंगाने, प्रत्येकासमोर बैठा पाट, शेगडी, ऐरण, चिमटे, सवागीची म्हणजे टाकणखाराची वाटी, तेजाबाचं चिनी मातीचं भांडं. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. खिडकी होती, पण तिला आतून पुठ्ठा ठोकलेला. वारा आला की ज्योत हलते आणि कानसाने निघालेला सोन्याचा कीस उडतो. कीस उडाला की मालक वजनाला बसतो. तेव्हा ते मला अगदी रास्त वाटायचं. काका तोंडात फुंकणी धरत आणि गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत ज्योत अखंड चालू ठेवत. ती करामत बघायला मी थांबायचे. पितळी नळीच्या टोकाशी निळी, बारीक जीभ तयार व्हायची, ती दागिन्याच्या सांध्यावर जायची, आणि एका क्षणी टाका, म्हणजे सांधा जोडणारा धातू, पाण्यासारखा पळून भेगेत बसायचा. काका 'पळाला' असंच म्हणायचे. मग त्या जागेवरून पिवळट तपकिरी धुराची एक रेघ वर यायची. जिभेवर गोडसर, लोखंडी चव राहायची. घरी आल्यावर आई म्हणायची, तुझ्या केसांना सराफा चिकटलाय.

तो धूर कशाचा, हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात दागिना घेताना बायका वजनाआधी तेच विचारायच्या, "केडीएम आहे ना?" माझी आईसुद्धा. दुकानदार दागिना उलटा करून आतला बारीकसा ठसा दाखवायचा आणि आईचा चेहरा सैल व्हायचा. तो शुद्धतेचा शिक्का आहे, असंच आमच्या अख्ख्या आळीला वाटायचं. खरं तर तो टाक्याचा पत्ता होता. दोन तुकडे जोडायचे तर टाका सोन्याआधी वितळायला हवा. सोनं वितळतं १०६४ अंशांना. जुन्या पद्धतीत टाक्याच्या सोन्यात तांबं-चांदी भरपूर घालत, आणि साखळीसारख्या दागिन्यात, जिथे कडीकडीला टाका, तिथे ते हिणकस सोनं एवढं साठायचं की मोडीला गेल्यावर घट यायची. तोळ्याला किती गेलं यावरून सासू-सुनांची भांडणं व्हायची, ती मी ऐकली आहेत. मग कॅडमियम आलं, केडीएम हे त्याचंच बाजारातलं नाव. ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. टाक्याचंच सोनं बावीस कॅरटाचं, म्हणजे दागिना वितळवला तरी कस जवळजवळ तसाच. शिवाय टाका लवकर पळतो, सांधा दिसत नाही. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं. सोनं अजून घट्ट असतानाच त्याची वाफ होऊ लागते. बायकांना पूर्ण वजनाचं सोनं मिळालं, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळालं, आणि वाफ झालेलं कॅडमियम, पंखा बंद आणि खिडकीला पुठ्ठा असलेल्या त्या माळ्यावर, जिथे जायचं तिथे गेलं.

काकूला एवढं आठवतं की लग्नसराईत, ऑर्डरी अंगावर आल्या की काका संध्याकाळी हुडहुडी भरून यायचे. ताप, अंग मोडून आलेलं, छातीत ओढ. ती गवती चहाचा काढा करायची, ते गोधडी घेऊन निजायचे, आणि सकाळी पुन्हा ठणठणीत होऊन सायकल काढायचे. माळ्यावरच्या सगळ्यांनाच हे व्हायचं. त्यावर त्यांचा उपाय गूळ होता. मालक दुपारी गूळ-फुटाणे पाठवायचा, गूळ छाती साफ ठेवतो म्हणून. धातूची वाफ हुंगल्यावर काही तासांनी येणारा ताप हा कामगारांच्या आजारांतला जुना, ओळखीचा ताप आहे. फ्लूसारखा येतो. कॅडमियमचा असेल आणि मात्रा मोठी असेल तर फुप्फुसात पाणी भरून माणूस थोड्याच दिवसांत जाऊ शकतो. थोडा थोडा असेल तर जातो तो ताप, राहतं ते कॅडमियम.

आणि राहतं म्हणजे किती राहावं! पोटातून गेलं तर त्यातलं शंभरात पाच-सात भागच अंगी लागतं. लोह कमी असलेल्या बाईत जरा जास्त. पण श्वासातून गेलं तर त्याच्या कितीतरी पट. रक्तातून ते यकृतात जातं, तिथे एका छोट्या प्रथिनाला बिलगतं, आणि त्या प्रथिनासकट किडनीपर्यंत पोचतं. इथे मला सराफ्यातले झारेकरी आठवतात. तिथले लोक त्यांना न्यारिया म्हणतात. पहाटे गटारातला गाळ, दुकानापुढची धूळ, माळ्यावरचा केर ही माणसं घमेल्यात भरून नेतात, धुतात, पाऱ्यात घोळवतात आणि त्यातून सोन्याचा कण न् कण परत काढतात. किडनी हेच करते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळून टाकते आणि मग बारीक नलिकांतून कामाचं सगळं परत उचलून घेते, साखर, मीठ, फॉस्फेट, छोटी प्रथिनं, आणि दीड-दोन लिटर तेवढी बाहेर सोडते. त्या प्रथिनाला नलिकेतल्या पेशी माल समजून आत घेतात, फोडतात, आणि आतून कॅडमियम मोकळं होतं. ते बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात जवळपास नाही. किडनीत शिरलेल्या कॅडमियमचं निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. काकांनी शेवटची फुंकणी ठेवून किती काळ लोटला, तरी किडनीच्या हिशेबात ते कालपरवाचं आहे.

आधी बिघडतो तो हाच परत उचलण्याचा भाग. छोटी प्रथिनं लघवीत गळू लागतात, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं एक त्यातलं खुणेचं. पण आपण जी साधी पट्टी बुडवून लघवी तपासतो ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, मोठं प्रथिन. तिला हे छोटं दिसत नाही. म्हणून रिपोर्टवर 'पुसट' येतं आणि सगळे निश्चिंत होतात. पुढे कॅल्शियम, फॉस्फेट गळतं, हाडं ठिसूळ होतात. जपानात तोयामा जिल्ह्यात जिंझू नदीकाठच्या बायकांचं हेच झालं होतं. वर डोंगरात कामिओकाची जस्त-शिशाची खाण, तिचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत, भात ताटात. चाळिशी उलटलेल्या, बऱ्याच बाळंतपणांच्या बायका वेदनांनी ओरडायच्या, खोकला आला तरी बरगडी मोडायची. किती वर्षं त्याला नुसता बायकांचा आजार, पोषण कमी, असं म्हणण्यात गेली. १९६८ साली सरकारने कबूल केलं की हे कॅडमियम आहे. त्याच खाणीच्या पोटात पुढे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडायची प्रचंड टाकी बांधली आणि त्या कामाला नोबेल मिळालं. जगाला त्या डोंगराचं नाव आता त्यामुळे माहीत आहे.

हे सगळं रात्री वाचत बसले की नवरा म्हणायचा, तू आता प्रत्येक गोष्टीत धातू बघणार. तसं झालंही. वाड्याच्या अंगणात येणारा कल्हईवाला आठवला. खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं लाल व्हायचं, नवसागराची चिमूट पडली की पांढरा ढग उठायचा, नाकात झणझणायचं, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरलं की काळं भांडं चंद्रासारखं नाही, म्हणजे ती उपमा आजीची, मला ते नुसतं ओलं वाटायचं. आजी त्याच्याशी घासाघीस करायची. घासाघीस फार झाली की कथलात शिसं मिसळतात हे तिला माहीत होतं, म्हणून एका मर्यादेपलीकडे ती ताणायची नाही. कुठे थांबायचं हे तिला बरोबर कळायचं. मग आजोबा. ते छापखान्यात कंपोझिटर. खिळे जुळवून बोटांची टोकं कायम करडी, आणि त्याच बोटांनी दुपारचा डबा. खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी, कथील. म्हातारपणी त्यांच्या पायाचा अंगठा सुजून टम्म व्हायचा, चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही, आणि घरात त्यासाठी तूरडाळ बंद झाली होती. शिशाने किडनीची युरिक अ‍ॅसिड टाकायची ताकद कमी होते आणि तसला गाउट होतो, हे वैद्यकाला फार जुनं ठाऊक आहे. आजोबांना त्यानेच झाला असं मी म्हणत नाही, तूरडाळीवरही त्यांचं प्रेम होतंच. पण डाळ सुटली, शिसं सुटलं नाही. ते हाडांत जाऊन बसतं आणि म्हातारपणी हाडं झिजली की पुन्हा रक्तात उतरतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये व्हरांड्याच्या कठड्याचा शिशाचा रंग उन्हाने भुकटी व्हायचा, पोरं त्याच हातांनी खायची. ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टराने १९०४ साली बोट त्या कठड्यावर ठेवलं. कायदा व्हायला १९२२ उजाडलं. आणि ती पोरं मोठी झाल्यावर, ऐन उमेदीत, किडनीच्या आजाराने जात राहिली.

आपल्याकडे हल्ली नवी वाट सुरू झाली आहे ती गोरेपणाच्या क्रीमची. २०२३ साली केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना एकामागून एक रुग्ण मिळाले, लघवीतून प्रथिन वाहतंय, अंगावर सूज. सगळ्यांत समान दुवा होता तो आत काय आहे ते न लिहिलेल्या क्रीमचा. आत पारा. तिथे निदान एक बरं असतं, क्रीम बंद केली की बरेच जण सुधारतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्याच आजाराचे रुग्ण पारा असलेल्या देशी औषधांमुळेही बघितले. ज्या बायकांनी केडीएमचा ठसा बघून सुटकेचा निश्वास टाकला, त्यांच्याच नाती आता क्रीमच्या डबीवर 'हर्बल' वाचून टाकतात. बाजार आपल्याला काय ऐकायचंय ते आधी ओळखतो, एवढं मला विम्यातही कळलं होतं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरला काकांचं काम सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. किती वर्षं, धूर कोंडायचा का, मास्क होता का, माळ्यावर आणखी कोण कोण होतं. हे विचारल्यावर काका, जे एरवी 'हो-नाही'च्या पुढे जात नाहीत, ते बोलायला लागले. पाटांच्या क्रमाने नावं घेतली. जिन्याजवळचा, तो डायलिसिसवर गेला. त्याच्या पलीकडचा दम्याने. खिडकीपाशी बसायचा तो अजून आहे, देवासला लेकीकडे, पण काठीशिवाय उठत नाही. एक बंगाली, तो गावी परतला, त्याचं काही कळलं नाही. "और वो?" काकूने मध्येच एकाची आठवण दिली, आणि काका म्हणाले, तो दारूने गेला, त्याला यात धरू नका. डॉक्टरला हसू आलं. मग त्याने सरळ सांगितलं ते असं. रक्तातलं कॅडमियम अलीकडचा संपर्क दाखवतं, लघवीतलं साठा दाखवतं, पण किडनीच एवढी थकली असेल तर त्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. आणि आकडा आला तरी औषध तेच राहणार, बीपी ताब्यात, मीठ कमी, वेदनाशामक गोळ्या बंद. शिसं बाहेर काढायला औषधं आहेत. जुनाट कॅडमियमला तसं काही नाही, ओढून काढायला गेलं तर ते किडनीवरच आणखी लोटलं जाण्याची भीती. शिवाय बिडी. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात ओढून घेतं, ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. काकांनी बिडी साठीपर्यंत ओढली. कंबरदुखीच्या गोळ्याही मूठमूठ खाल्ल्या, कारण दहा-दहा तास वाकून बसल्यावर कंबर राहते कुठे. म्हणजे फुंकणी, बिडी, गोळी, बीपी, वय. यातला कुठला वाटा कितीचा, ते आता कुणी वेगळं करून देणार नाही.

"तपासायचं का?" मी विचारलं.

काकांनी मान हलवली. "कळून काय करू गं? मालक तर केव्हाच गेला." मला वाटलं होतं त्यांना राग येईल. मला येत होता, कुणावर ते ठरत नसल्यामुळे जास्तच. पण त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, थोडा अभिमान होता. घरी परतताना रिक्षात ते मला सांगत होते की त्यांचा टाका भिंगातूनही दिसायचा नाही, बडा सराफ्यात दोन-तीनच हात तसे होते, आणि फुंकणीवर श्वास न तोडता सगळ्यात जास्त वेळ तेच टिकायचे. जेवढा दम मोठा तेवढी वाफ आत, हे मी मनात म्हटलं, तोंडाने नाही. कुणाच्या आयुष्यभराच्या हुनरीला विष म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि ते म्हणणं खरंही नाही. विष माळ्यावर होतं. पुठ्ठा काढला असता, धूर खेचणारा एक पंखा भिंतीत बसवला असता, तर हुनर तीच राहिली असती.

आईच्या पाटल्या काकांनीच घडवलेल्या. त्यातल्या एकीचा सांधा गेल्या दिवाळीला उकलला, म्हणून मध्यंतरी मी ती घेऊन सराफ्यात गेले. संध्याकाळची वेळ, खाली दुकानांची शटर उतरत होती आणि ओट्यांवर खाण्याचे ठेले मांडले जात होते. तुपात गराडू पडला, भुट्ट्याच्या कीसाचा वास सुटला, आणि पुण्यामुंबईचे पाहुणे मोबाइल वर धरून उभे. हे आपलं एक नंबरचं स्वच्छ शहर, इथे कचरागाडीवाला ओल्यात सुकं दिसलं तर बादली परत देतो. मी वर बघितलं. माळ्यांच्या खिडक्यांत दिवे होते. तिथे आता बहुतेक बंगालची मुलं बसतात, मेदिनीपूर, हुगळीकडची, फुंकणीच्या जागी गॅसची नळी आहे, काही ठिकाणी लेझरची यंत्रंही आली आहेत. युरोपने २०११ साली दागिन्यांतलं आणि टाक्यांच्या कांड्यांतलं कॅडमियम बंद केलं. आपल्याकडे हॉलमार्क २००० सालापासून सुरू आहे, २०२१ पासून सक्तीचा झाला, आणि केडीएम हा ठसा हळूहळू दुकानांतून गेला. टाक्यात आता जस्त वगैरे असतं. हे सगळं मला दुकानदाराने उत्साहाने सांगितलं. मग पाटली भिंगाखाली धरली आणि आतला ठसा बघून म्हणाला, "अच्छा, ये तो पुराना केडीएम है." त्याने शांतपणे वजन केलं आणि वर हाक मारली.

खाली आलेला मुलगा विशीचा असेल. तोंडाला हातरुमाल बांधलेला, त्यातून काही अडत नाही. धातूची वाफ थिजून झालेले कण इतके बारीक असतात की कापडाला ते दिसतही नाहीत. मी विचारलं, जुन्या टाक्यावर आच दिली की जुनं कॅडमियम परत उडणार ना? त्याने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, थोडा-बहुत तो उडेगा मॅडम, पर एक टांके का क्या. एका टाक्याचं खरंच काही नाही. पण त्या मुलापुढच्या ताटलीत मोडीचे आणि दुरुस्तीचे आणखी कितीतरी नग होते, आणि ज्या घरांत आईच्या पिढीने केडीएम विचारून विचारून घेतलं ती सगळी कपाटं अजून रिकामी व्हायची आहेत. वर एक्झॉस्ट आहे का, असं विचारलं. आहे, पण सकाळी लावतो, म्हणाला, कामाच्या वेळी ज्योत हलते.

पाटली मी तशीच परत आणली. त्याने काही साधलं नाही हे मला कळतं. आज ना उद्या ती कुणाच्या तरी शेगडीवर जाणारच, मी फक्त तारीख पुढे ढकलली. ओळखीच्या एका सोनारणीने सांगितलं की मोकळ्या हवेत, धूर खेचणाऱ्या नळकांड्याखाली काम करणारे एक-दोन जण आहेत, पण ते मजुरी जास्त घेतात. ती मी देईन. अडचण सुनेची आहे. तिला पाटल्या नकोत, दोन्ही मोडून एक कडं हवं, आणि सोन्याचा भाव बघता मोडीशिवाय ते होणं शक्य नाही. दुकानदार म्हणतो, जुनं केडीएम आहे मॅडम, घट काही येणार नाही, पूर्ण वजन मिळेल. सून मला रविवारी येते म्हणाली आहे.